इंग्रजाचा कोनाडा

वाल्देकार्दोस नगरपालिकेच्या हद्दीत गेली एकवीस वर्षं राहणारे, डेन्मार्कचे नागरिक श्री. टोर्किल येन्स ऑस्टरगॉर (यापुढे सोयीसाठी 'इंग्रज') यांनी सहा ऑक्टोबर रोजी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आमच्या कचेरीत एक अर्ज दाखल केला. विषय: दफनभूमीतील कोनाडा क्रमांक बत्तीस मिळणेबाबत. अर्ज मीच घेतला, शिक्का मीच मारला, पोचही मीच दिली. आमच्या कचेरीत आवक, जावक, जन्म, मृत्यू, कुत्र्यांचे परवाने आणि खिडकीशी येऊन ओरडणारी माणसं, ही सगळी खाती माझ्याकडेच आहेत. माझं नाव फुएन्सांता.

डेन्मार्कच्या माणसाला इंग्रज का म्हणायचं, असा प्रश्न बाहेरच्याला पडतो. गावात तो कधी कुणाला पडला नाही. आमच्याकडे नाव माणसाला नसतं, घराला असतं. माझ्या पणजोबांच्या विहिरीत एकदा मोठा बेडूक निघाला, तेव्हापासून आमचं सगळं घराणं 'बेडकांचं'. समोरच्या प्रिमितिवा मावशी 'बहिऱ्यांच्या', आणि त्यांना तीन भिंतींपलीकडची कुजबुज ऐकू येते. तसंच चर्चच्या मागचं सात नंबरचं घर म्हणजे 'इंग्रजाचं घर'. ते पूर्वी एमलिन प्रोथेरो नावाच्या माणसाचं होतं. प्रोथेरोनं ते विकलं आणि तो निघून गेला. घराबरोबर बदामाची अकरा झाडं, एक गळकी टाकी आणि 'इंग्रज' हे नाव, असं सगळं नव्या मालकाच्या पदरात पडलं.

पहिली दोन वर्षं तो बिचारा भेटेल त्याला सांगायचा, "मी डेन्मार्कचा." लोक समजूत घालायचे, "असू द्या हो इंग्रज, आमचं काही म्हणणं नाही." पुढे त्यानंही नाद सोडला.

माणूस सोन्यासारखा. जन्मभर जहाजांवर सुतारकाम केलेलं, त्यामुळे गावातलं एकही दार त्यानं अडकू दिलं नाही. आमच्या कचेरीचं दार बावीस वर्षं लाथ मारून उघडावं लागायचं, ते त्यानं एका दुपारी सरळ केलं. तेव्हापासून लोक जास्त यायला लागले, ही मात्र त्याची चूक. दर नाताळात तो खारवलेल्या माशाची एकेक बरणी घरोघरी वाटायचा. ती कुणी खात नसे, पण सगळे "वा, वा" म्हणून घेत. आमच्या गावची मांजरं अख्ख्या जिल्ह्यात लठ्ठ आहेत.

आता कोनाड्याचं. आमच्याकडे मेलेल्या माणसाला भिंतीतल्या कोनाड्यात सरकवतात आणि तोंडाशी नावाची दगडी पाटी बसवतात. इंग्रजाची बायको लिस्बेत सात वर्षांपासून एकतीस नंबरात आहे. तिच्या उजव्या हाताचा बत्तीस नंबर रिकामा. इंग्रजाचं वय अठ्ठ्याहत्तर. त्याची मागणी एवढीच की मेल्यावर आपल्याला बायकोशेजारी ठेवावं. एवढ्या मागणीसाठी त्यानं चांगला कोट घातला होता.

"माझं नाव..." त्यानं खिडकीशी सुरुवात केली.

"माहीत आहे, इंग्रज. बसा." मी नोंदवही उघडली. "नियम नऊ. कोनाडा फक्त नोंदणीकृत रहिवाशाला. तुमची नोंद कुठं आहे?"

"मी एकवीस वर्षं इथं राहतो. तुम्ही मला रोज बघता."

"मी बघते म्हणून तुम्ही राहता असं होत नाही. वहीनं बघायला पाहिजे."

वहीत सात नंबरच्या घरात दोन नावं होती. पहिलं लिस्बेतचं, त्यापुढे 'मयत'. ती शिस्तीची बाई. गावात आल्याच्या पहिल्या आठवड्यात येऊन तिनं नोंद केली होती. त्या दिवशी रांग होती, म्हणून नवरा समोरच्या बारमध्ये कॉफी घेत बसला, आणि ती बाहेर आली तेव्हा कचेरी बंद व्हायची वेळ झाली होती. पुन्हा येऊ म्हणाले, ते आज आले. दुसरं नाव होतं एमलिन प्रोथेरो, वय सत्त्याण्णव. घर विकून गेला खरा, पण नाव काढून घ्यायला विसरला.

इंग्रजानं वही आपल्याकडे वळवली आणि दोन्ही नावांवरून बोट फिरवलं. "म्हणजे इथं असं लिहिलंय, की माझी बायको चौदा वर्षं या माणसाबरोबर राहत होती?"

"कागदोपत्री," मी म्हटलं. खरं तर मला त्याची दया आली, पण दयेचा रकाना अर्जात नाही.

घराचं खरेदीखत त्यानं आणलं होतं. पण खरेदीखतात गल्लीला एका सेनापतीचं नाव होतं, आणि सरकारनं मध्यंतरी सगळे सेनापती काढून टाकले. आता ती शांतता गल्ली. सेनापतीची गल्ली आणि शांतता गल्ली एकच, असा दाखला द्यायला कुणी तयार नव्हतं. विजेचं बिल प्रोथेरोच्या नावावर, पाण्याचंही. बिल येतं, भरलं जातं, दिवा लागतो, मग नाव बदलायला प्रांताच्या गावी कोण जाणार? शेवटी त्यानं पिशवीतून डॉमिनोच्या स्पर्धेतला चषक काढून माझ्यासमोर ठेवला. चषकावर कोरलेलं: 'विजेता, इंग्रज'. तो मी प्रोथेरोच्या फायलीला जोडला.

नगराध्यक्ष एव्हारिस्तो माझा सख्खा चुलतभाऊ. चारचौघांत मी त्याला महोदय म्हणते, दार लावलं की गाढवा म्हणते. मी दार लावलं.

"अरे गाढवा, त्या प्रोथेरोचं नाव कमी कर आणि याचं घाल. एक गेला, एक आला. हिशेब तोच राहतो."

एव्हारिस्तोचा चेहरा उतरला. "बाई, वहीला हात लावू नकोस. एकाचं नाव तो इथं राहत नाही म्हणून काढलंस, की उद्या कुणीतरी विचारेल, बाकीचे राहतात का?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. वहीत आमचे रहिवासी पाचशे आहेत. मोजून पाचशे. त्याच्या खाली एक जरी गेला तरी वरचं आरोग्य खातं आमचा डॉक्टर आठवड्यातून दोनदा पाठवायचं बंद करून पंधरवड्यातून एकदा पाठवणार. प्रत्यक्षात गावात दोनशे चौदा माणसं राहतात, ती मी पावाच्या गाडीपाशी मोजली आहेत. त्यातली साठ परदेशी, आणि त्या साठांपैकी वहीत जेमतेम वीस. उरलेले रहिवासी माद्रिदला आणि बार्सिलोनाला राहतात. शिकारीचा परवाना फक्त गावच्या माणसाला मिळतो, म्हणून ते गावचे. म्हणजे जे राहतात ते वहीत नाहीत, जे वहीत आहेत ते राहत नाहीत, आणि डॉक्टर दोघांच्या मध्ये मंगळवारी आणि गुरुवारी येतो.

"मग प्रोथेरोला राहू दे आणि याचं नाव खाली वाढव," मी म्हटलं. "पाचशे एक."

"पाचशे एक झाले तर मला हवेच आहेत. पण ज्या घरात आधीच रहिवासी आहे, तिथं दुसरा घालायला पहिल्याची लेखी संमती लागते. नमुना चार-ब. घे प्रोथेरोची सही."

आता प्रोथेरोला शोधायचं कुठं? नियमाप्रमाणे पत्र त्याच्या नोंदलेल्या पत्त्यावर जातं. नोंदलेला पत्ता, सात, शांतता गल्ली. गावचा एकुलता एक पोलीस सालुस नोटीस घेऊन गेला. दार अर्थातच आमच्या इंग्रजानं उघडलं.

"घ्या इंग्रज, सही करा," सालुस म्हणाला.

"हे प्रोथेरोचं पत्र आहे. मी प्रोथेरो नाही."

"प्रोथेरो कोण?"

"आधीचा इंग्रज."

"आणि तुम्ही?"

"मी इंग्रज नाही."

सालुस शांत स्वभावाचा आहे. त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली आणि पोचपावतीवर शेरा मारला: 'सदर इसमाने आपली ओळख नाकारून नोटीस स्वीकारण्यास नकार दिला.' नोटीस नाकारली की ती मिळाली असं धरतात. म्हणजे प्रोथेरोला पत्र मिळालं, प्रोथेरो गावात आहे, आणि प्रोथेरो संमती द्यायला तयार नाही, हे तिन्ही एका शेऱ्यात सिद्ध झालं.

नियमाप्रमाणे पुढची पायरी म्हणजे जागेवर जाऊन चौकशी आणि दोन शेजाऱ्यांच्या साक्षी. मी सालुसला बजावून पाठवलं, नीट विचार. तो नीट विचारून आला. पंचनामा जसाच्या तसा फायलीत आहे:

'समक्ष हजर राहून पंच क्रमांक एक, श्रीमती प्रिमितिवा, वय चौऱ्याऐंशी, यांना विचारले असता त्यांनी सांगितले की, इंग्रज सात नंबरात राहतो, म्हणजे काय, सकाळीच झाडांना पाणी घालताना पाहिला, आणि माझ्या खिडकीची कडी कधी बसवणार ते त्याला विचारा. सदर घरात कोणी डेन्मार्कचा मनुष्य राहतो काय, असे विचारले असता, असला कोणी माणूस आपण जन्मात पाहिला नाही, इंग्रज सज्जन आहे, तो असल्या लोकांना घरात घेणार नाही, असे सांगितले. पंच क्रमांक दोन, बारमालक खासिंतो, यांनीही तसेच सांगितले, आणि चौकशीस आलेल्या पोलिसास एक बिअर दिली. चौकशीवेळी सदर इंग्रज घरात हजर होता. त्याने आपण डेन्मार्कचे असल्याचे सांगितले. वयोमानाने असे होते.'

मी प्रिमितिवा मावशींकडे स्वतः गेले. म्हटलं, "मावशी, अहो तो डेन्मार्कचा आहे, तुम्हाला ठाऊक आहे. लिस्बेतच्या मयताला त्यानं तिकडचं गाणं म्हटलं होतं, तुम्ही रडला होतात."

"रडले की. किती गोड गायला."

"मग सालुसला तसं का नाही सांगितलंत?"

"पोरी, त्यानं मला विचारलं, इंग्रज राहतो का? राहतो. मी या वयात पोलिसाला खोटं सांगू?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते हेच. फरक इतकाच की इथं कळसा स्वतः ओरडून सांगत होता.

दरम्यान बत्तीस नंबरासाठी दुसरा अर्ज आला. माद्रिदच्या एका दातांच्या डॉक्टरचा. आजीचं घर वारशानं मिळाल्यापासून तो आमचा नोंदणीकृत रहिवासी, ऑगस्टमध्ये दहा दिवस येतो आणि आठ दिवस आवाजाची तक्रार करतो. अर्जात त्यानं कारण दिलं होतं: 'दुपारनंतर सावली येते.' कागदपत्रं पूर्ण. निर्णय एकतीस ऑक्टोबरला व्हायचा होता, कारण दुसऱ्या दिवशी सगळं गाव फुलं घेऊन आपापल्या माणसांच्या कोनाड्यांकडे जातं.

इंग्रज रोज नऊ दहाला यायचा, खिडकीशी उभा राहायचा आणि निघून जायचा. एक दिवस म्हणाला, "तिला डाव्या कानानं कमी ऐकू यायचं. मी नेहमी उजव्या बाजूला झोपायचो." मी म्हटलं, हे अर्जात लिहायला हवं होतं. असलं बोलणं माझ्या तोंडून कसं निघतं कोण जाणे. तीस वर्षं खिडकीमागे बसलं की जिभेला पण शिक्का लागतो.

तोडगा एव्हारिस्तोनं काढला. निवडणूक जवळ आली की त्याचं डोकं चालतं. अठरा ऑक्टोबरला आमच्या ग्रामदैवताचा, संत लुकासचा उत्सव. त्यात गावातल्या सर्वांत वयस्क रहिवाशाचा 'गावचे आजोबा' म्हणून सत्कार होतो. एक हॅम, एक मानपत्र, आणि नियम नऊच्या पोटनियमाप्रमाणे दफनभूमीतला हवा तो कोनाडा, विनाचौकशी. आधीचे आजोबा वसंतात वारले होते. वहीप्रमाणे आता सर्वांत वयस्क होता एमलिन प्रोथेरो.

"पंचनाम्याप्रमाणे प्रोथेरो गावात आहे," एव्हारिस्तो इंग्रजाला म्हणाला. "सात नंबरात राहतो. रोज झाडांना पाणी घालतो. तो म्हणजे तुम्हीच. मंचावर या, हॅम घ्या, कोनाडा घ्या. विषय संपला."

"लिस्बेतच्या शेजारी?"

"अगदी शेजारी. उजव्या हाताला."

"आणि पाटीवर?"

"पाटीवर प्रोथेरो. पण पाटी बाहेरून असते हो. आतून कोण वाचतंय?"

इंग्रज उठून उभा राहिला. सहा फूट दोन इंच. "आधी कागदावर माझी बायको चौदा वर्षं त्याच्याबरोबर राहिली. आता मेल्यावरही तोच तिच्या शेजारी?" एवढं बोलून तो निघून गेला. दार त्यानंच सरळ केलेलं होतं, त्यामुळे ते नीट आपटलंही नाही.

तीन दिवसांनी परत आला. म्हणाला, "नाव बाहेर राहू दे त्याचं. आत मी असेन." तेव्हा मी मान खाली घातली आणि खोडरबर शोधायला लागले. खोडरबर समोरच होतं.

उत्सव झाला. बँड वाजला. सत्त्याण्णव वर्षांचे श्री. प्रोथेरो पायऱ्या दोन-दोन चढत मंचावर आले, आणि ज्यांनी त्यांचा अठ्ठ्याहत्तरावा वाढदिवस जूनमध्ये त्यांच्याच अंगणात जेवून साजरा केला होता, त्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खोट्या नव्हे, मनापासून. खासिंतोच्या डोळ्यांत पाणी आलं. "या वयात काय तब्येत आहे," तो मला म्हणाला. कागदावर एकदा आलं की आमच्या लोकांचा विश्वास बसतो. प्रिमितिवा मावशी तेवढ्या घुश्शात होत्या. "हा माझ्याहून मोठा? मी याला आजवर अरे-तुरे करत होते. कुणी बोललं नाही मला." त्या दिवसापासून त्या त्याला अहो-जाहो करू लागल्या आणि खिडकीच्या कडीसाठी दुसरा माणूस बघते म्हणाल्या, एवढ्या म्हाताऱ्याला कसं सांगायचं.

ग्रानादाहून वर्तमानपत्रवाला आला होता. त्यानं दीर्घायुष्याचं रहस्य विचारलं. इंग्रज प्रामाणिक माणूस, म्हणाला, "खरं सांगू? मी एकोणीस वर्षांनी लहान आहे." दुसऱ्या दिवशी फोटोसकट मथळा आला: 'मला एकोणीस वर्षांनी लहान वाटतं: गावचे आजोबा'. खाली, आमच्या ऑलिव्हच्या तेलाचं कौतुक.

एकतीस ऑक्टोबरला ठराव एकमतानं मंजूर झाला. कोनाडा क्रमांक बत्तीस, श्री. एमलिन प्रोथेरो यांना, पंचाहत्तर वर्षांसाठी, अहस्तांतरणीय. दातांच्या डॉक्टरला नकार कळवला. एक नोव्हेंबरला इंग्रज लिस्बेतला शेवंतीची फुलं घेऊन गेला आणि शेजारचा रिकामा कोनाडा त्यानं पट्टीनं मोजून बघितला. सुताराची खोड. म्हणाला, चार बोटं कमी आहेत, पण पाय दुमडून होईल. त्या दिवशी मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं, लिस्बेत गेल्यापासून.

पंधरा नोव्हेंबरला परदेशातून पत्र आलं. प्रोथेरोच्या मुलीचं. फोटो फिरत फिरत तिच्यापर्यंत पोचला होता. लिहिलं होतं, फोटोतला माणूस माझे वडील नाहीत. माझे वडील नऊ वर्षांपूर्वी पोर्तुगालात वारले, आणि तिथंच त्यांना पुरलं आहे. मृत्यूचा दाखला सोबत जोडला आहे. आणखी एक, ते इंग्रज नव्हते. ते वेल्सचे होते, आणि हे त्यांनी तुमच्या गावात अकरा वर्षं प्रत्येकाला सांगितलं.

दाखल्यावर तीन शिक्के होते. तीन शिक्क्यांपुढे मी काय करणार? मी प्रोथेरोपुढे 'मयत' लिहिलं आणि खालची बेरीज बदलली. चारशे नव्व्याण्णव.

एव्हारिस्तो खुर्चीतून उठला तो खुर्ची घेऊनच. "इंग्रजाला बोलाव. आत्ता."

एकवीस वर्षांत जे झालं नाही ते चार मिनिटांत झालं. संमती देणाराच मेला, तेव्हा नमुना चार-ब लागत नाही. सेनापतीची गल्ली आणि शांतता गल्ली एकच, असा दाखला एव्हारिस्तोनं माझ्याच पेननं, माझ्याच टेबलावर, उभ्याउभ्या लिहिला. इंग्रजाचं खरं नाव मी वहीत घातलं. पाचशे. डॉक्टर वाचला.

"अभिनंदन," मी त्याला म्हटलं. "तुम्ही आता इथं राहता."

"आणि बत्तीस नंबर?"

इथं घोडं पुन्हा अडलं. बत्तीस नंबर ठरावानं प्रोथेरोला दिलेला. तो अहस्तांतरणीय. प्रोथेरो जिवंत असता तर त्याला रद्द करायला सांगता आलं असतं, पण तो मेलेला, आणि मृताचा कोनाडा काढून घेता येत नाही, नियम अकरा. म्हणजे पोर्तुगालात आपल्या थडग्यात सुखानं झोपलेल्या माणसाचा आमच्या भिंतीत पंचाहत्तर वर्षांचा कोनाडा, आणि गावच्या नव्या रहिवाशाला उपलब्ध कोनाडा क्रमांक एकशे अठरा, नव्या भिंतीत, कचऱ्याची गाडी वळते तिथं. त्यानं अपील केलं. मीच लिहून दिलं, आणि या वेळी डाव्या कानाचंही लिहिलं. अपिलाच्या सुनावणीची तारीख मिळाली सप्टेंबरची.

फेब्रुवारीत, एका मंगळवारी, प्रिमितिवा मावशींच्या खिडकीची कडी स्वतःहून बसवून झाल्यावर तो त्यांच्याच अंगणातल्या खुर्चीवर बसला, पाणी मागितलं, आणि त्या पाणी घेऊन येईपर्यंत गेला. कडी अजून घट्ट आहे.

मंगळवार म्हणजे डॉक्टरचा दिवस. तो धावत आला, नाडी बघितली आणि मृत्यूचा दाखला लिहायला पेन काढलं. एव्हारिस्तोनं हळूच त्याच्या हातावर हात ठेवला. "डॉक्टरसाहेब, हा पाचशेवा आहे."

डॉक्टर विचारात पडला. दाखला लिहावा तर त्याचा गुरुवार जात होता, आणि एक आड एक मंगळवारही. त्याचं घर इथून नऊ किलोमीटरवर. बदली झाली असती तर नव्वद.

"मला नाडी लागली नाही," तो सावकाश म्हणाला. "म्हणजे नाही असं नाही."

एव्हारिस्तोनं मला बाजूला घेतलं. "ऐक फुएन्सांता. कागदावर हा जिवंत आहे आणि याला कोनाडा नाही. कागदावर प्रोथेरो मेलेला आहे आणि त्याला कोनाडा आहे, पण कोनाड्यात कुणी नाही. आणि आपल्याकडे मयत एक. मग अडलंय कुठं?"

मी फाईल वरपासून खालपर्यंत वाचली. कुठंच अडलं नव्हतं. चार महिन्यांत पहिल्यांदाच सगळे कागद एकमेकांशी जुळत होते.

सगळं गाव आलं होतं. खरे इंग्रज, डच, जर्मन, बेल्जियन, वहीतले, वहीबाहेरचे. 'इंग्रज गेला' एवढं एकमेकांना सांगून लोक रडत होते, आणि मीही रडले, चांगली मोठ्यानं रडले, मला लाज वाटली नाही. पाद्रीबाबांनी ठरावाप्रमाणे 'आपले बंधू एमलिन प्रोथेरो' असं म्हटलं. कुणाची पापणी हलली नाही. "प्रोथेरो होय," प्रिमितिवा मावशी डोळे पुसत माझ्या कानात म्हणाल्या. "छान नाव होतं. एकदाही बोलला नाही बघ." मग त्याला बत्तीस नंबरात सरकवलं. पाय दुमडावे लागले. त्याचं माप बरोबर होतं.

वहीत तो अजून आहे. निवडणुकीची चिठ्ठी येते, लशीची येते. डॉक्टर दर गुरुवारी त्याच्या रक्तदाबाची नोंद करतो, आणि तो उत्तम आहे. अजून सतरा वर्षांनी तो गावचा आजोबा होईल, एव्हारिस्तोच्या डायरीत नोंद आहे.

मला एकच गोष्ट खुपत होती. लिस्बेतच्या शेजारी पाटीवर 'एमलिन प्रोथेरो'. म्हटलं, नियमाला बाधा न येता खाली बारीक अक्षरांत याचं खरं नाव कोरून घेऊ, माझ्या खर्चानं. शेजारच्या गावच्या पाथरवटाला फोन लावला.

"नाव सांगा," तो म्हणाला.

"इंग्रज," मी म्हटलं.

"बाई, ते नाव नाही झालं. त्याचं नाव सांगा."

आठवेना. या बोटांनी ते नाव मी फायलीत अकरा वेळा टाइप केलंय, अकरा वेळा त्यावर शिक्का मारलाय. त्यानं खिडकीशी उभं राहून "माझं नाव" म्हणायला सुरुवात केली, की मी "माहीत आहे" म्हणायचे. म्हटलं, फाईल बघून फोन करते. त्याला दीड वर्ष झालं. आज हे लिहायला बसले तेव्हा फाईल काढली, पहिली ओळ नीट बघून वर उतरवली आणि फाईल कपाटात ठेवली. पाथरवटाला फोन करणारच होते, तेवढ्यात दोन वाजले आणि कचेरी बंद झाली. आता घरी बसून आठवतेय, तर येत नाही. प्रोथेरो येतं. दरवेळी प्रोथेरोच येतं.

आमच्या गावाला हसलात ना इतका वेळ? हसा. मग तुम्हीच सांगा मला त्याचं नाव, पाथरवट थांबलाय. मी तर पहिल्याच ओळीत सांगितलं होतं, सगळं, आडनावासकट. वर मात्र बघायचं नाही.